भैरीच्या सड्यावरची घोडी

भैरीच्या सड्यावर तेवीस घोडी होती आणि त्यांतलं एकच धनगराचं होतं. बाकीची सगळी सड्याखालच्या वाडीतल्या लोकांची.

तो धनगर, धुळा, तिकडचा नव्हता. तो कवठे महांकाळच्या बाजूचा. बापाची दीडशे मेंढरं होती, आणि दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर लादून ते पाटणच्या डोंगरांकडं चारणीला निघायचे. एका वर्षी बापानं बाजारातून पाच कोकरं आणली आणि त्यांच्याबरोबर देवीचा रोग आला. महिन्याभरात कळप बसला. कोकरं विकणाऱ्या माणसाला ठाऊक होतं, तरी त्यानं विकली, असं पुढं कळलं. बाप मरेपर्यंत त्या माणसाला शिव्या देत होता आणि बापामागं धुळा देत राहिला.

मेंढरं गेली तरी घोडी राहिली होती. तिची नात पाखरी. कराडजवळच्या एका उसाच्या फडात, पालाच्या शेजारीच तिचा जन्म झाला, आणि धुळाच्या बायकोनं, भामाबाईनं, आपल्या लुगड्यानं तिला पुसली होती. अंगानं बदामी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, आणि स्वभाव असा की पोटाखालून लेकरू रांगत गेलं तरी पाय उचलायची नाही.

नऊ वर्षांपूर्वी धुळा ह्या पाखरीला घेऊन सड्यावर आला. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या तेव्हा नुकत्याच इकडं वळायला लागल्या होत्या. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा दीड कोसाचा सपाट जांभा कातळ. पावसाळ्यानंतर त्यावर निळी-पिवळी फुलं येतात, आणि पश्चिमेच्या टोकाला वाऱ्याचा कडा आहे. कड्यावर उभं राहून टोपी खाली फेकली की खालून येणारा वारा ती परत वर आणून टाकतो. हे बघायला पुण्या-मुंबईची माणसं यायची, आणि गाडीतळापासून कड्यापर्यंत घोड्यावर बसून जायची.

वाडीतल्या लोकांनी धुळाला पहिल्या दिवशीच हुसकून लावलं असतं. आडवे आले ते नानासो. नानासो फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घोडेवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी पाखरीच्या खुरांवर हात फिरवला, तिचं तोंड उघडून दात बघितले, आणि म्हणाले, "ज्यानं जनावर असं ठेवलंय त्यो माणूस वाईट नसणार. आमच्या पडीक रानात छप्पर घाल आन् ऱ्हा."

तेव्हापासून धुळा राहिला. नानासोंच्या रानात त्याचं पत्र्याचं छप्पर, शेजारी पाखरीचा गोठा. नानासोंची लेक क्रांती नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती. बाई असून घोडी फिरवते म्हणून वाडी तिला हसत होती, तेव्हा लगाम कसा धरायचा, बुजलेलं घोडं कसं बोलत बोलत शांत करायचं, हे तिला धुळानंच शिकवलं. तिची दोन घोडी होती, सोन्या आणि काजळ. ती त्याला धुळामामा म्हणायची. तिच्या घरची भाजी भामाबाईकडं यायची आणि भामाबाईच्या हातची बाजरीची भाकरी तिकडं जायची. नऊ वर्षांत कुणी कुणाला परकं म्हटलं नाही.

फुलांचा आणि उन्हाळ्याचा हंगाम सोडला तर सड्यावर घोडी बसून असत. तेव्हा धुळा पाखरीला वरातीला न्यायचा. त्या वर्षी मार्गशीर्षात रहिमतपूरला एक मोठं लग्न होतं. तिथं कोंडीबा नावाच्या माणसाचा पांढरा घोडा नवरदेवासाठी होता आणि पाखरी कलवऱ्यांच्या पोरांसाठी. दोन दिवस दोन्ही जनावरं एका मांडवामागं बांधली होती, एकाच बादलीत पाणी पीत होती. पांढरा घोडा अधूनमधून खोकत होता. धुळानं ते ऐकलं होतं.

संक्रांतीनंतर कोंडीबाचा फोन आला.

"धुळा, माजं घोडं गेलं रं."

"आरं, कशानं?"

"नाकातनं पू यायला लागला, मागल्या पायाला गाठी उठल्या आन् फुटल्या. डॉक्टर म्हनला ग्लँडर्स हाय. एकाचं दुसऱ्याला हुतंय. औषध न्हाई त्याला, जनावर मारायच लागतंय. तुज्या घोडीकडं ध्यान दे गड्या. म्हणून फोन केला."

धुळानं फोन ठेवला आणि गोठ्यात गेला. पाखरीची उजवी नाकपुडी ओली होती. थंडीचे दिवस, नाक ओलं असणारच, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण पुसली तरी ती ओल परत येत होती, आणि बोटाला चिकट लागत होती.

भामाबाईनं विचारलं, "कुणाचा फोन हुता?"

त्यानं तिला सगळं सांगितलं. तिच्यापासून त्यानं कधी काही लपवलं नव्हतं. ती म्हणाली, "मग नानांना सांगा."

"सांगून काय हुईल? उद्या डॉक्टर येतील आन् सुई टोचतील. पडसं असंल तरी टोचतील."

"पडसं असंल तर का टोचतील?"

तो म्हणाला, "थांब आठ दिस. उतरंल."

उतरलं नाही. आणि फेब्रुवारीच्या शेवटी नानासोंनीच घोडेवाल्यांना गाडीतळावर गोळा केलं. जिल्ह्यात दोन-तीन ठिकाणी घोड्यांचा रोग निघालाय, सोमवारी जनावरांच्या दवाखान्याची मॅडम येणार, सगळ्या घोड्यांचं रक्त काढणार, ते हरयाणाला तपासायला जाणार. ज्याचं जनावर साफ निघेल त्यालाच उन्हाळ्याच्या हंगामात सड्यावर परवानगी.

"आन् ज्याचं न्हाई निघालं?" आप्पासोनं विचारलं. त्याचं एकच घोडं होतं.

"त्येचं जनावर जातंय," नानासो म्हणाले. "पण बाकीच्यांची वाचत्यात. फौजेत आमी असंच करायचो. एक खच्चर गेलं तर चालंल, पलटण जाऊन चालत न्हाई."

सोमवारी उजाडायच्या आत धुळानं पाखरीला सोडली. कड्याच्या डाव्या अंगाला एक नाळ, दोन कड्यांमधली अरुंद घळ, खाली उतरते. जनावर उतरवायची वाट नव्हे ती, पण पाखरी त्याच्यामागं पाऊल पाहून पाऊल टाकत उतरली. मध्ये एक कपार आहे, तिथं बारा महिने पाणी ठिबकतं. तिथं त्यानं तिला बांधली, पुढ्यात कडबा टाकला आणि भामाबाईला जवळ बसवून वर आला.

मॅडम आली तेव्हा तो हात हलवत गाडीतळावर उभा होता.

"तुजी घोडी कुठाय रं?" नानासोंनी विचारलं.

"दिली नाना. मेव्हण्याला देऊन टाकली. वय झालं माजं, पळवत न्हाई आता."

नानासोंना धक्का बसला. "मला बोलला न्हाईस ते?"

"कसं बोलू? रडू आलं असतं."

मॅडमनं यादी पुढं केली. तेवीसातलं एक नाव खोडायचं तर कुणीतरी जबाबदार माणसानं सही करायला हवी होती. नानासोंनी धुळाच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि खिशातून पेन काढलं. "धुळा खोटं बोलायचा न्हाई," असं म्हणून त्यांनी बावीस घोड्यांच्या यादीखाली सही केली.

बारा दिवसांनी निकाल आले. बावीसच्या बावीस साफ. वाडीनं भैरीला नारळ फोडला. पुढं चारच दिवसांनी धुळा पाखरीला घेऊन गाडीतळावर हजर झाला. मेव्हण्याला सांभाळणं होईना, परत घेऊन आलो, म्हणाला. नानासोंना इतका आनंद झाला की रक्ताचं विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. की आलं आणि त्यांनी दुसऱ्या फेरीवर ढकललं, कोण जाणे. क्रांतीनं पाखरीच्या गळ्याला मिठी मारली.

हे सगळं ऐकून धुळा काही राक्षस होता असं कुणी समजू नये. नाळेतल्या कपारीत ते सोळा दिवस पाखरीनं कडबा चांगला खाल्ला होता. नाक जवळजवळ सुकलं होतं. त्याला खरंच वाटत होतं की कोंडीबाच्या घोड्याचं वेगळं आणि आपलं वेगळं. दुसरं काही वाटून घ्यायची त्याच्यात ताकद नव्हती. पाखरी गेली तर बाप, कळप, चारणीच्या वाटा, आपण धनगर आहोत हेसुद्धा, सगळंच पुसून जाणार होतं. मग उरणार होता एक पंचावन्न वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या पडीक रानात छप्पर घालून राहिलेला.

गाडीतळाजवळ दगडी हौद होता. सगळी घोडी तिथंच पाणी प्यायची. पहिल्या दिवशी धुळानं पाखरीसाठी वेगळी बादली आणली. क्रांती हसली. "काय मामा, मेव्हण्याकडं जाऊन घोडी लयच मोठी झाली व्हय? हौदातलं पानी चालत न्हाई?" चार माणसं हसली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं बादली आणली नाही.

एप्रिल तापला आणि सड्यावर रीघ लागली. शाळांना सुट्या, गाड्या कोसभर मागं उभ्या. पोरं कड्यावरून टोप्या फेकायची, टोप्या परत आल्या की किंचाळायची, आणि मग घोड्यावर बसून पुन्हा गाडीतळावर यायची. पाखरी दिवसाला बारा-पंधरा फेऱ्या करत होती. चढाला तिला धाप लागायची. धुळा तिच्याबरोबर चालताना आपलाच श्वास मोजल्यासारखा तिचा श्वास ऐकत राहायचा.

एप्रिलच्या शेवटी मागल्या डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं गाठ लागली. मग तिच्या वर दुसरी. मण्यांची माळ ओवावी तशा चार गाठी झाल्या. त्यानं हळद आणि डिकेमाली उगाळून लावली, वरून जुन्या धोतराची पट्टी बांधली. कुणी विचारलं तर काटा लागलाय म्हणायचा.

भामाबाईनं एके दुपारी पट्टी सोडून बघितली. ती गोठ्याबाहेर येऊन खाली बसली.

"आवं, ही फुटली एक. पू हाय."

"बांध परत."

"सोन्याचंबी नाक वलं हाय. मी सकाळी क्रांतीकडं गेल्ते तवा बघितलं."

धुळानं पट्टी उचलली आणि स्वतःच बांधायला वळला.

"मामंजी मरस्तवर त्या कोकरंवाल्याला शिव्या देत हुतं," भामाबाई म्हणाली. "तुमीबी देता. आता आपल्याला कोन देनार ते बघा."

लग्न झाल्यापासून त्यानं बायकोवर हात उगारला नव्हता. त्या दिवशी उगारला. मारला नाही, पण उगारलेला तिनं बघितला. ती उठली आणि चुलीपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासोंकडं जायचं असं त्यानं ठरवलं होतं. हे त्यानं पुढं नानासोंना सांगितलं, आणि ते खरं होतं. पण दुसऱ्या दिवशी एक मे होता, सुटीचा दिवस. गर्दी अशी की सकाळी सातलाच पाखरीवर कुणाची तरी मुलगी बसली. उद्या सांगू म्हणून तो निघाला.

मॅडम त्याच दिवशी आली, न सांगता. दुसरी फेरी. गाडीतळावर जीप थांबली तेव्हा पाखरी कड्याकडून परत येत होती, पाठीवर गुलाबी टोपी घातलेली मुलगी, पायाला धोतराची पट्टी. मॅडमनं लांबूनच ती चाल बघितली. ती मुलीच्या बापाला म्हणाली, "मुलीला उतरवून घ्या. हात साबणानं धुवा तिचे. आत्ता." मग पट्टी सोडली, बघितली, आणि हातमोजे काढून नवे घातले.

"ही घोडी माझ्या पहिल्या यादीत नाही. कुठून आली?"

उत्तर नानासोंनीच दिलं. "मेव्हण्याकडं दिल्ती त्यानं. परत आणली."

मॅडमनं वहीत लिहिलं, बाहेरून आलेली.

सडा त्याच संध्याकाळी बंद झाला. निकाल यायला दहा दिवस लागले. पाच जनावरं बाधित निघाली. पाखरी, सोन्या, काजळ, आप्पासोचं एकुलतं घोडं, आणि वाडीतल्या बाळासोची एक घोडी. सोन्याच्या अंगावर तर एकही गाठ नव्हती. त्याचं अंग आरशासारखं चकाकत होतं. क्रांती मॅडमला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "नुसतं नाक वलं हाय. पुन्यांदा तपासा की. एकदाच."

"दोनदा तपासलंय, ताई," मॅडम म्हणाली.

माणसांचंही रक्त काढलं. धुळाचं, भामाबाईचं, क्रांतीचं. ते साफ आलं. त्या रोगाच्या हातून एवढीच गोष्ट सुटली.

सड्याच्या पूर्वेच्या कडेला, माती खोल आहे तिथं जेसीबीनं खड्डा काढला. पांढरे पोशाख घातलेली चार माणसं आली, त्यांचे फक्त डोळे दिसत होते. चुन्याची पोती रचून ठेवली. मालकांनी लांब थांबायचं, असा हुकूम होता. पण सोन्या अनोळखी हाताला येईना. तो मागच्या पायांवर उभा राहिला, दोन माणसं फरफटली. शेवटी मॅडमनं क्रांतीला हातमोजे आणि तोंडाला बांधायला दिलं. क्रांती गेली आणि त्याच्या कानाशी बोलू लागली. धुळानं तिला शिकवलं होतं तसंच, एकसारखं, खालच्या आवाजात, काहीही. आज पाणी गार हाय रं, आज गर्दी न्हाई रं, आज घरी लवकर जायाचं. सुई गेली तेव्हाही ती बोलत होती. सोन्याचे गुडघे दुमडले तेव्हाही.

काजळ आपणहून चालत गेली.

आप्पासो आपल्या घोड्याबरोबर गेलाच नाही. तो गाडीतळाकडं तोंड करून बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "बाहेरनं आलेल्या घोडीनं आणलं हे. सगळ्यास्नी ठावं हाय."

"गप आप्पासो," नानासो ओरडले. "त्याला काय सपान पडलं हुतं? त्याची न्हाई व्हय जात? एकच हुती त्याची, ती बी चालली."

पाखरी शेवटी. धुळानं स्वतःच तिला नेली. खड्ड्याच्या काठाशी तिला लंगडत यायला वेळ लागला आणि कुणी घाई केली नाही. त्यानं तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावर हात ठेवला. मॅडमच्या चष्म्यावर वाफ साचली होती, ती पुसता येत नव्हती. तिनं हळू विचारलं, "काका, तुमच्या मेव्हण्याचं गाव कुठलं? तिथली जनावरं तपासायला हवीत."

त्या वेळी तो सांगू शकला असता. मेव्हण्याकडं घोडी गेलीच नव्हती. रहिमतपूरचा मांडव, कोंडीबा, नाळेतली कपार, एवढे चार शब्द. पण त्यानं बहिणीच्या गावाचं नाव सांगितलं, आणि मॅडमनं ते लिहून घेतलं. मग पाखरी त्याच्या हाताखालून हळूहळू जड होत खाली गेली.

बहिणीच्या गावात सरकारी माणसं जाऊन आली. तिथं घोडं कधी नव्हतंच. ह्याची कुणी वाच्यता केली नाही. चौकशीचा कागद कुठल्या तरी टेबलावर राहिला असावा.

उरलेल्या अठरा घोड्यांना सड्यावर बंदी. तीन महिने हलवायचं नाही, विकायचं नाही, दर एकवीस दिवसांनी रक्त. बसून असलेल्या जनावराला वैरण घालणं सोपं नसतं. बंदी उठली तेव्हा लोकांनी घोडी मिळेल त्याला देऊन टाकली. हौद दवाखान्याच्या लोकांनी फोडून टाकला होता. त्याच्या दगडांवर बसायला तेवढी जागा राहिली होती.

तिथंच एका सकाळी नानासो एकटे बसलेले धुळाला दिसले. तो समोर जाऊन उभा राहिला. पागोटं काढून हातात घेतलं आणि संक्रांतीच्या फोनपासून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. बादलीचंही सांगितलं, क्रांती हसली तेही सांगितलं.

सांगून संपल्यावर नानासोंनी कड्याकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "त्या कागदावर माजी सही हाय. बावीस घोडी. अठ्ठावीस वरसं नोकरी केली, खोटी सही कवा केली न्हाई. एक केली, तीबी मला ठावं नसताना."

"नाना, मला मारा. पायातलं काढून मारा."

"मारून काय हुतंय? घोडी उठून येत्यात का?"

"मग मी जातो हितनं. गावाकडं जातो."

"न्हाई." नानासोंनी पहिल्यांदाच त्याच्याकडं मान वळवली. "तू गेलास तर लोक इचारतील का गेला. मग कळंल. मग क्रांतीला कळंल. तिला वाटतंय, रोग आला, नशिबात हुतं, गेली जनावरं. सासरी एकदा माणसांवरचा इश्वास उठला तिचा. हितं येऊन कसाबसा बसला. त्यो बी घालवू नको. तू हितंच ऱ्हायचं. तिच्या म्होरं हसून बोलायचं. तिनं दिलेलं खायचं. आन् तिला कवाबी सांगायचं न्हाई. तुजं मन हलकं करायला तिचं जड करायचं न्हाई. ऐकलंस?"

"ऐकलं."

"माज्याशी मातर बोलू नको हितनं पुढं."

धुळा छपरात आला आणि भामाबाईला म्हणाला, "सांगितलं नानांना."

"काय म्हनले?"

"ऱ्हा म्हनले."

भामाबाईला आधी ते समजलं नाही. मग समजलं. त्या दिवशी दुपारी क्रांती आली, पदराखाली झाकून पिठलं आणि भात घेऊन. खाली बसली, भामाबाईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मामी, तुमी जेवत न्हाईसा असं वाटतंय. वाळून गेलाय. माजी दोन गेली, मला दोन वक्ताला पोटभर रडता येतंय. मामांना तर रडाय बी येत न्हाई." तिनं आपल्या हातानं ताट वाढलं. दोघं जेवली. क्रांती समोर बसून बघत होती, म्हणून सगळं संपवलं.

असं ती आठवड्यातून दोनदा यायला लागली. तिसऱ्या आठवड्यात भामाबाईनं बोचकं बांधलं. "मला तिच्या हातचं गिळत न्हाई," ती धुळाला म्हणाली. "तुमाला शिक्षा दिली ती तुमी भोगा. मी पयल्याच दिवशी सांगा म्हनले हुते." ती एसटीनं कवठे महांकाळला भावाकडं गेली. वाडीला सांगितलं, भावजय आजारी आहे. पुढं सांगायला नवीन कारण लागलं नाही, कारण विचारणारी माणसंही हळूहळू पांगली. आप्पासो पुण्याला राखणदारीला गेला. बाळासोनं घराला कुलूप लावलं.

पावसाळा गेला, फुलं येऊन गेली. दिवाळीनंतर सड्यावर चार चाकांच्या मोटारसायकली आल्या, मोठ्या जाड टायरांच्या. कुणा शहरातल्या माणसानं गाडीतळाची जागा भाड्यानं घेतली, पत्र्याची शेड ठोकली आणि कातळावर चुन्यानं गोल वाट आखली. आता माणसं कड्याकडं घुंघुं करत जातात. आवाज इतका होतो की टोपी परत आली तरी पोरांची किंचाळी ऐकू येत नाही. फुलांच्या जागी टायरांचे पट्टे उठलेत.

क्रांतीला तिथं तिकीट फाडायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी तिनं मालकाला सांगितलं, "माजं एक मामा हायत. प्रामाणिक माणूस हाय. त्यांनाबी काम द्या." मालकानं धुळाला गाड्या धुवायला ठेवला. तो सकाळी आठला येतो. गाड्यांच्या चाकांतली लाल माती पाण्याच्या जोरानं काढतो. गाड्यांना नावं नाहीत, आकडे आहेत.

नानासो क्वचित गाडीतळाकडं येतात. धुळाजवळून जातात आणि बघत नाहीत. आपले आबा धुळाशी बोलत नाहीत, हे क्रांतीच्या ध्यानात आलं होतं.

माघ महिन्यातल्या एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ती डबा घेऊन त्याच्याशेजारी शेडच्या सावलीत बसली. भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"आबांचं मनावर घेऊ नका मामा. ते आता कुणाशीच धड बोलत न्हाईत. घोडी गेल्यापास्नं असंच झालंय त्यांचं."

"व्हय," धुळा म्हणाला.

"मी एक इचार केलाय. हसू नका. थोडं थोडं मागं टाकतेय मी. दोन वरसांनी का हुईना, परवानगी दिली सरकारनं, तर एक शिंगरू घ्यायचं म्हणते. तुमी येशीला बघायला? माज्या नजरेचा मला भरवसा न्हाई. नाक, पाय, श्वास, सगळं तुमीच बघायचं. तुमी हूं म्हनलं तरच घ्यायचं."

ती परवानगी आता मिळणार नाही हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. जागा पंधरा वर्षांसाठी भाड्यानं गेली होती. क्रांतीलाही ठाऊक असावं. पण ती त्याच्याकडं बघत उत्तराची वाट पाहत होती.

"बघू की," धुळा म्हणाला.

"बघू न्हाई. येनार म्हणा."

"येनार."

तिचं समाधान झालं. तिनं लोणच्याची फोड त्याच्या भाकरीवर ठेवली आणि तिकिटाच्या खिडकीकडं गेली, कारण खाली घाटात गाडीचा हॉर्न वाजला होता. धुळानं हातातला घास तोंडात घातला. तो चावायला बराच वेळ लागला. मग त्यानं हात धुतले, पाण्याची नळी उचलली आणि चार नंबरची गाडी धुवायला घेतली.